क्लाउड क्रीक धरण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ओक्लाहोमा राज्यात कॉर्डेल शहराजवळ, वॉशिता नदीच्या खोऱ्यातील एका ओढ्यावर बांधलेले मातीचे लहान धरण. १९४८ मध्ये ते पूर्ण झाले. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यान्वये ओढ्यांवर जी पूररोधक धरणे उभारण्यात आली, त्यांपैकी हे पहिले होय.

एप्रिल १९३४ मध्ये वॉशिता नदीच्या पुरात हॅमन गावाच्या परिसरातील १७ जण मृत्युमुखी पडले. मुख्य नदीवर मोठे धरण बांधले, तरी त्याच्या वरच्या अंगाची सुपीक शेते पुराखाली जाणे थांबत नाही. म्हणून पाणी ओढ्यांतच अडवावे, हा विचार बळावला. १९४४ च्या कायद्याने अशा कामासाठी ११ नद्यांची पाणलोट क्षेत्रे ठरवून दिली व पुढे १९५४ च्या कायद्याने ही योजना देशभर खुली केली. एकूण सु. ११,८०० धरणे झाली. त्यांतील २,१०० हून अधिक एकट्या ओक्लाहोमात आहेत.

अशा धरणाचा जलाशय बहुतेक काळ जवळजवळ रिकामा असतो आणि तो तसा राहण्यातच त्याची उपयुक्तता असते. महाराष्ट्रातील पाझर तलाव दिसण्यात याच्यासारखा असला, तरी तो भरावा अशी अपेक्षा असते. येथे तळाशी गाळासाठी राखलेल्या जागेतच थोडे पाणी साठते. वरची जागा पुरासाठी मोकळी असते. काँक्रीटची उभी विहीर व तिच्या बुडापासून भरावाखालून जाणारा नळ, हा मुख्य सांडवा. त्याला दरवाजे नसतात, त्यामुळे ते उघडण्यास माणूसही लागत नाही. काही तासांत आलेला पूर नळाच्या मर्यादित आकारमानामुळे अनेक दिवसांत ओसरतो. त्याहून मोठा पूर धरणाच्या टोकाशी जमिनीत खोदलेल्या, गवत वाढविलेल्या सांडव्यातून जातो. भरावाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागल्यास माती धुपून धरण फुटण्याचा संभव असतो.

नळ व माती यांच्या सांध्यातून होणारी गळती हे या रचनेचे मर्मस्थान होय. सोडियमाचे प्रमाण अधिक असलेली चिकणमाती स्थिर पाण्यातही विखुरते. ओक्लाहोमातील काही धरणांच्या भरावात अशा मातीमुळे भगदाडे पडली. यावर चुना मिसळणे व वाळूचे गाळणथर घालणे हे उपाय योजले जातात.

यांपैकी पुष्कळ धरणांचे आयुर्मान ५० वर्षे धरले होते. ती मुख्यतः शेतांच्या रक्षणार्थ बांधली असल्याने सुरक्षिततेचे निकषही बेताचे होते. परंतु पूर थांबल्यामुळेच खालच्या बाजूस घरे व रस्ते झाले, आणि धरणात काही बदल न होताही त्यापासूनचा धोका वाढला. म्हणून २००० मध्ये पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. त्याच वर्षी ओक्लाहोमातील शायेन गावाजवळच्या सार्जंट मेजर क्रीकवरील एका धरणाची प्रथम पुनर्बांधणी झाली.