चितळासाठी लावलेली तार

भंडारा जिल्ह्यात कोका, नागझिऱ्याच्या जंगलालगत धानाच्या बांध्या आहेत. रात्री तिथे चितळ, रानडुकरे उतरतात. त्यांच्यासाठी डोंगर तुडवत फिरणारा शिकारी आता क्वचितच. १९७२च्या कायद्याने शिकारीला बंदी असली, तरी वीजवाहिनीवर आकडा टाकून खुंट्यांवर उघडी तार ताणली की काम भागते. तारेला मात्र चितळ कोण अन् माणूस कोण, हे कळत नाही. वाघही कळत नाही: उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’चा बछडा श्रीनिवास २०१७मध्ये नागभीड भागात शेताच्या कुंपणातील विजेनेच मेला.

पहाटे पाणी बघायला निघालेल्या शेतकऱ्याला धोका जास्त. कोरडी, राठ त्वचा विजेला बरीच अडवते. ओल्या बांधीत अनवाणी उभ्या माणसाचा विरोध हजार ओहमपर्यंत घसरू शकतो. मग घरगुती २३० व्होल्टही शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह नेतात. छातीतून शंभरेक गेले तरी हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलत नाही.

पडलेल्याला धरायला धावणारा बहुतेकदा दुसरा बळी ठरतो. आधी १९१२ला कळवून वीज बंद करवावी, १०८ला फोन करावा. वीज गेल्याची खात्री झाल्यावरच जवळ जावे. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाचेक सेंटिमीटर खोल दाब द्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. झटका बसूनही चालत घरी आलेल्याचा ईसीजी काढावाच. पायावरचा डाग लहान दिसतो, आतले स्नायू भाजलेले असू शकतात.