दिव्यावरचं दुधी आवरण
एलईडी बल्बवरचं दुधी आवरण म्हणजे डिफ्युझर. त्याचं काम प्रकाश कमी करणं नव्हे, पसरवणं आहे. आतल्या चिप असतात मसुराच्या दाण्याएवढ्या. सगळा प्रकाश तेवढ्याच जागेतून आला की डोळे दिपतात आणि वहीवर लिहित्या हाताची काळी, रेखीव सावली पडते. आवरणातले सूक्ष्म कण तोच प्रकाश चहूकडे विखुरतात, त्याचा उगम मोठा होतो आणि सावलीची कड विरते. ढगाळ दिवशी आभाळही हेच करतं. फोटोग्राफर फ्लॅशपुढे मोठं पांढरं कापड लावतात तेही यासाठीच. आवरण थोडा प्रकाश खातं, ही तक्रार खरी आहे. पण डोळ्यांत घुसणारा उजेड वाचायला कामाचा नसतो, म्हणून ही किंमत मला रास्तच वाटते. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर उघड्या चिपचा दिवा लावू नका.