कुस्ती कधी सोडावी?

(भोर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



विषय कळवला तेव्हा संयोजकांपैकी एकाने फोनवर विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून एकदम कुस्ती?" मी म्हटलं, तुम्ही कुस्तीला या, तत्त्वज्ञान मागच्या दाराने येईल. (हशा) आणि भोर-वेल्ह्याच्या माणसांशी बोलायचं तर दुसरा कोणता विषय घ्यायचा? वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, ठाऊक आहे मला, पण जिभेला सवय वेल्ह्याची आहे. तेवढं चालवून घ्या.

तुमच्याकडे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आखाडा भरतो. आदल्या रात्री पालखी, छबिना, तमाशा. झोप कुणाचीच झालेली नसते. हलगी कडाडायला लागते. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग शंभर, पाचशे, हजार असं इनाम चढत जातं, आणि ऊन कललं की पत्रकावरच्या नंबरी कुस्त्या. ज्याची कुस्ती शेवटची, तो त्या दिवशीचा सगळ्यात मोठा पैलवान. ही चढती भाजणी ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

काही वर्षांपूर्वी वेळवंड खोऱ्यातल्या एका यात्रेत मी एक कुस्ती पाहिली. पैलवान चाळिशी ओलांडलेले. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. एके काळी पंचक्रोशीत शेवटची कुस्ती त्यांचीच असायची. त्या दिवशी ते चौथ्या नंबरवर होते आणि समोर बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. शड्डूचा आवाज तोच, पूर्वीचा. पहिली दोन मिनिटं तर त्यांनी पोराला खेळवलंसुद्धा. मग पोराने पट काढला, पैलवान खाली आले आणि पोराने वर बसून घिस्सा डावाची पकड घेतली. मी काही जाणकार नाही, पण शेजारचे आजोबा म्हणाले, "गेली." आणि ती गेली नाही! पकड सैल झाली, पैलवान उठले, वेळ संपली, पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. टाळ्या पडल्या.

नंतर चहाच्या टपरीवर ते भेटले. मी अभिनंदन केलं. ते म्हणाले, "सर, पोरानं सोडलं मला. लोकांना नाही कळलं, पण ज्याच्या मानेवर हात असतो त्याला कळतंच की." मी विचारलं, मग आता? तर म्हणाले, "आता काय, सोमवारी पलीकडच्या गावची यात्रा हाय." त्यानंतर ते आणखी दोन हंगाम खेळले.

ज्या माणसाला इतकं स्वच्छ कळलं, तो थांबला का नाही? आजचा प्रश्न एवढाच.

पहिलं उत्तर पैशाचं, आणि ते खोटं नाही. अमेरिकेचा जो लुई हा हेवीवेट मुष्टियोद्धा बारा वर्षं जगज्जेता होता. १९४९ साली निवृत्त झाला. पण आयकर खात्याचं देणं डोक्यावर होतं. गंमत म्हणजे १९४२ साली त्याने दोन लढतींची कमाई सैन्यदलांच्या मदतनिधीला दिली होती, त्या कमाईवरचा करही त्याला सुटला नाही. तेव्हा तो पुन्हा रिंगणात उतरला. १९५० साली एझर्ड चार्ल्सकडून हरला. ऑक्टोबर १९५१ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत ठोसे मारून दोरांबाहेर पाडलं. मार्सियानोसाठी लुई हा लहानपणापासूनचा आदर्श. जिंकून तो रडला म्हणतात.

आपल्याकडे आयकराचा प्रश्न नसतो, खुराकाचा असतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण. ज्याच्या घरी दोन एकर भात आणि चार शेळ्या, त्याने पोराला तालमीत ठेवायचं म्हणजे घरातल्या बाकीच्यांच्या ताटातलं काढून ठेवायचं. हे देणं कोणत्याही वहीत लिहिलेलं नसतं, म्हणून फिटतही नाही. शिवाय जोर-बैठका सुटतात, पण भूक तालमीतलीच राहते, आणि पाच वर्षांत साखर आणि रक्तदाब दोन्ही दारात. मैदान सोडलेला पैलवान किती लवकर थकतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

तरी पैसा हे अर्धंच उत्तर. इनामाची रक्कम प्रवास आणि मालिशवाल्यातच जाते हे त्या पैलवानांनीच मला सांगितलं होतं.

आता मागच्या दाराने तत्त्वज्ञान येतंय, सावध व्हा. (हशा) इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात युबुलिडीस नावाच्या ग्रीक विचारवंताने एक कोडं घातलं. तुमच्या खळ्यावरच्या भाताच्या राशीवरच सांगतो. राशीतला एक दाणा काढला, रास राहिली की नाही? राहिली. आणखी एक काढला? तरी राहिली. असं करत करत शेवटी एकच दाणा उरतो. मग रास मोडली ती नेमकी कितव्या दाण्याला? सांगता येत नाही. पैलवानाच्या ताकदीचंही असंच आहे. कालच्यापेक्षा आज आपण उतरलो, असं कोणत्याच सकाळी वाटत नाही. "मी आहे तसाच आहे" असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. रोज खरंच बोलतो, आणि वीस वर्षांनी बेरीज चुकते.

आणखी एक अडचण आहे, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. उतारवयात डाव विसरत नाही. उलट डाव जास्त समजतो. समोरच्याचा खांदा हलला की आता तो टांग मारणार हे चाळिशीच्या पैलवानाला विशीच्या पोरापेक्षा आधी दिसतं. फक्त हात उशिरा पोहोचतो. आतून बघणाऱ्याला डाव दिसतो, उशीर बाहेरच्यालाच दिसतो. म्हणून हरल्यावर त्याला मनापासून वाटतं, की थोडक्यात चुकलं, पुढच्या वेळी धरतो. आणि हे "थोडक्यात" खरंही असतं. अर्ध्या सेकंदाचाच मामला.

आणि तो उशीरसुद्धा समोर कोण आहे त्यावर दिसतो. गामा पैलवान आणि पोलंडचा झिबिस्को यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. १९१० साली लंडनमध्ये झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ जवळजवळ पालथा पडून राहिला आणि कुस्ती निकाली झाली नाही. अठरा वर्षांनी, १९२८ मध्ये, पतियाळात दोघे पुन्हा भिडले. दोघेही पन्नाशीच्या आसपास. गामाने मिनिटाच्या आत कुस्ती मारली. आता सांगा, गामा उतरला होता की नव्हता? उतरलाच असणार, पन्नाशीचा माणूस तो. पण तो दिसायला जोड हवी ना! उतार दिसतो तो जोडीत, एकट्या पैलवानात दिसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. "कधी थांबावं" हा पैलवानाने स्वतःच्या आत डोकावून लावायचा शोध नाहीच. आत ते सापडत नाही. तो निर्णय आहे, आणि त्याचा पुरावा दुसऱ्यांच्या हातात असतो. त्यामुळे तो निर्णय एकट्या पैलवानावर टाकून "त्याचं त्याला कळायला हवं होतं" असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

मुष्टियुद्धात नेमकं तेच होतं. १९८० साली महंमद अली अडतीस वर्षांचा होता, दोन वर्षं लढलेला नव्हता, आणि लॅरी होम्सशी लढायला उभा राहिला. होम्स पूर्वी त्याच्याच सरावातला जोडीदार. लढतीआधी अलीची मोठ्या इस्पितळात तपासणी झाली. एका पायावर उड्या मारणं, बोट नाकाला लावणं, यात गडबड दिसली होती. तरी परवाना मिळाला. दहा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही पंचांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या. होम्स मारता मारता पंचाकडे बघत होता, थांबवा म्हणून. शेवटी अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. चौदा महिन्यांनी अली पुन्हा लढला, ट्रेव्हर बर्बिकशी, आणि हरला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. ते ठोशांमुळेच का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. पण ठोशांनी मेंदूचं काय होतं हे हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरने १९२८ सालीच लिहून ठेवलं होतं. गामा-झिबिस्कोचंच वर्ष ते.

होम्स आणि आपला वेळवंड खोऱ्यातला पोरगा, दोघांची अडचण एकच होती. समोरच्याबद्दल आदर आहे आणि हात त्याच्यावरच चालवायचा आहे. पोराला पकड सोडायची सोय होती. होम्सला नव्हती. पोराने केलं ते बरोबर की चूक, यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. नुरा कुस्ती म्हणावं तर ठरवून काही झालं नव्हतं. दया म्हणावी तर त्या दयेने दोन हंगाम वाढवले.

कुस्तीचं एक बरं आहे. पाठ टेकली की संपलं, निकाल सगळ्या गावाला दिसतो आणि माणूस उठून चालत जातो. गुडघे जातात, मान जाते, कान मोडतात, ते आहेच. पण डोक्यावर मार साठत नाही.

इथे कोणी म्हणेल, सर, आपल्या मावळाला म्हाताऱ्या लढवय्यांचं कौतुक आहे. शेलारमामा! ऐंशीच्या घरात, आणि सिंहगडावर तलवार चालवतो. इतिहास किती आणि पोवाडा किती हा भाग सोडा, पण शेलारमामाची कीव कोणी करत नाही आणि अलीची येते, असं का? कारण शेलारमामाची लढाई त्याच्या वयाची पारख करायला उभी केलेली नव्हती. गड घ्यायचा होता, भाचा पडला होता. आखाड्यात घ्यायचा गडच नसतो, कोण वरचढ एवढंच बघायचं असतं. म्हणून "वाघ म्हातारा झाला तरी गवत खात नाही" ही म्हण मला आखाड्याच्या कडेला ऐकवत नाही. बोलणाऱ्याला काय, तो वाघ नसतो. (हशा)

मनुस्मृतीतल्या बऱ्याच गोष्टी टाकून द्याव्यात अशाच आहेत. पण सहाव्या अध्यायात वानप्रस्थ कधी घ्यावा ते सांगताना तिने एक शहाणपणा केला आहे. "मन विटलं की" असं म्हटलेलं नाही. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि घरात नातवंड दिसलं की, असं म्हटलंय. म्हणजे खुणा अशा, की ज्या शेजाऱ्यालाही दिसाव्यात. आणि वानप्रस्थ म्हणजे शेवट नव्हे, पुढची जागा.

तालमीत ती जागा आहे, तिचं नाव वस्ताद. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले. हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुलचं सुवर्ण घेतलं, १९७७ ला बेळगावात सतपालला हरवलं, आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. काका पवार, राहुल आवारे ही त्यांच्या हातची माणसं. तांबडी माती त्यांना सोडावी लागली नाही, मातीतली जागा तेवढी बदलली. रिंगणातल्या मुष्टियोद्ध्याला अशी बदलायला जागा फारच थोडी.

पण एका तालमीत वस्ताद एकच असतो आणि उतरलेले पैलवान दहा. सरकारी नोकरी मोठ्या किताबवाल्यांना मिळते. नरसिंग यादव, विजय चौधरी, राहुल आवारे थेट पोलीस उपअधीक्षक झाले, चांगलंच झालं. यात्रेच्या चौथ्या नंबरच्या पैलवानाचं काय? त्याला मोकळी असते ती फक्त भाजणी, आणि तीही उतरती. शेवटच्या कुस्तीवरून दुसऱ्या नंबरला, मग चौथ्या, मग नुसती शंभराची. पहिल्या नंबरला हरणं माणूस सोसतो, पाचव्या नंबरला जिंकणं त्याला सोसवत नाही. आणि पत्रकावर नाव नसणं तर त्याहून वाईट. त्या पैलवानांनी मला म्हटलं होतं, "नाव पुकारलं नाही तर यात्रेत कुठं बसायचं तेच कळत न्हाय."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. मी स्वतः निवृत्त झालो तेव्हा पहिल्या जूनला कॉलेजच्या दारापर्यंत जाऊन परत आलो होतो. असो.

आता कुस्त्या जोडणारे यात्रा कमिटीवाले इथे बसले असतील. जोड लावणं हे तुमच्या हातात आहे, आणि वर सांगितलं तसं उतार जोडीतच दिसतो, म्हणजे तो सगळ्यात आधी तुम्हाला दिसतो. जुनं नाव छापलं की गर्दी वाढते, हेही तुम्हाला ठाऊक. गर्दीतले आम्हीही निर्दोष नाही. २०२४ साली टेक्सासमध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या माइक टायसनला सत्तावीस वर्षांच्या जेक पॉलसमोर उभं केलं, सत्तर हजारांवर माणसं तिकीट काढून आली आणि लढत संथ झाली म्हणून त्यांनीच हुर्यो केली. जॉर्ज फोरमन पंचेचाळिसाव्या वर्षी, १९९४ साली, पुन्हा जगज्जेता झाला, हे खरं आहे. एका फोरमनच्या नावावर किती जणांना उभं केलं गेलं, ते कोणी मोजलेलं नाही.

त्या पैलवानांचं पुढे काय झालं, हे विचारणार तुम्ही. एका वर्षी त्या गावच्या कमिटीने त्यांचं नाव कुस्त्यांच्या यादीतून काढलं आणि पत्रकावर पंच म्हणून छापलं, त्यांना न विचारता. ते चिडले. यात्रेला आलेच नाहीत. पुढच्या वर्षी मात्र फेटा बांधून, शिट्टी गळ्यात घालून आखाड्यात उभे होते. रेवड्यांच्या कुस्त्या लावताना पोरांना दंडाला धरून जोडीने उभं करत होते, "ह्यो नको, ह्यो जड हाय, त्याला घ्या" म्हणत. मी हात केला. त्यांनी पाहिलं, पण हाक मारली नाही. कामात होते.

साडेसात होत आलेत. वेल्ह्याकडच्या मंडळींना एसटी गाठायची आहे, त्यांचे प्रश्न आधी घेऊ.