बंगला नंतर, आधी विहीर

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे पडलं की शेताच्या कडेला फलक दिसायला लागतात. तयार बंगला, बाग, समोर किल्ला. गेल्या मार्गशीर्षात ताई-दाजींबरोबर असाच एक बंगला बघायला मी गेलो होतो. जुन्नरपासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, कौलारू व्हरांडा, पुढे हिरवळ, मागे सात कलमी आंबे, आणि व्हरांड्यातून थेट शिवनेरीचा कडा. ताईचा जीव तिथेच अडकला. तिने आंब्याच्या आळ्यात बोटं घालून माती चिमटीत घेतली. ओली होती.

बांधापलीकडे एक आजी कांद्याच्या वाफ्यात खुरपत होत्या. त्या उठल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “पाव्हणं, आंबं काय बघता? हीर बघा. आन् बघायची तर वैशाखात या.”

या लेखाचं कारण ते वाक्य आहे.

जुन्नरच्या परिसरात बागेसह घर ही हौस जुनी आहे. गावाजवळच्या हापूसबाग या गावाचं नाव ‘हबशी बाग’वरून आलं असं सांगतात. निजामशाहीतल्या हबशी सरदारांचा हा मुलूख, आणि त्या काळातला भव्य गुंबज तिथे आजही उभा आहे. पण मला जास्त ओढ वाटते ती नारायणगावजवळच्या हिवऱ्याच्या बागेची. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर 1838 मध्ये दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचा प्रमुख झाला. गंमत म्हणजे तो दापोडीचा बंगलाही खरेदीचाच. पेशव्यांच्या कवायती फौजेवरचा अधिकारी फोर्ड याचं ते घर गव्हर्नर माल्कमने 1828 मध्ये सरकारसाठी घेतलं आणि आवारात बाग उभी केली. गिब्सनच्या हाताखाली दापोडीबरोबर हिवऱ्यालाही बाग होती. तिथे सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकवल्या जात.

1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास दापोडीच्या झाडांची चित्रं त्याने एका स्थानिक चित्रकाराकडून काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. 1861 मध्ये डॅल्झेलबरोबर त्याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मात्र मला त्याचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत दिसतं. डोंगरावरची झाडं तुटली की खालचे झरे आटतात, हे त्याने 1840 च्या दशकातच सरकारला लिहून कळवलं होतं. बाग करणाऱ्या माणसाची नजर झाडावरून पाण्याकडे जातेच. आजींची गेली तशी.

जुन्नर-आंबेगावचं पाणी फसवं आहे. पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरच्या माथ्यावर पाऊस कोसळतो आणि तिथून पूर्वेकडे निघालं की तो झपाट्याने कमी होत जातो. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं याच पट्ट्यात आहेत: माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली मूळ आंबेगाव गेलं. तालुक्याला नाव त्या गावाचं, कचेरी मात्र घोडेगावला. धरणाच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते आणि पाणी कालव्याने खाली ऊस-द्राक्षांकडे जातं. म्हणून व्हरांड्यातून धरणाचं पाणी चमकताना दिसलं तरी ते आपलं नसतं. जलाशयातून उचलायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते. आपली असते ती विहीर, आणि तीही बहुतेक वेळा सामाईक.

आमच्या बंगल्याचंही तेच निघालं. विहिरीत चार आणे हिस्सा, म्हणजे चार दिवसांतून एक पाळी. शेतीची वीज ठराविक तासच, त्यातही कधी रात्रीची. एवढ्या पाण्यात आंबे जगतात. हिरवळ जगत नाही.

मग सात-बारा काढला. सातमध्ये जमीन कुणाची ते दिसतं, बारामध्ये पिकं, आणि खरी गोष्ट ‘इतर हक्क’ या रकान्यात दडलेली असते. बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला वाटा, सगळं तिथे. कुकडी आणि डिंभ्याच्या लाभक्षेत्रातल्या जमिनींवर पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी असल्याचा शेराही सापडू शकतो. धरणात ज्यांची गावं गेली त्यांना देण्यासाठी या जमिनी राखल्या गेल्या. तो शेरा असेल तर पुढे एक पाऊलही टाकू नये. भोगवटादार वर्ग 2 ची जमीन असेल तर आधी परवानगी, आणि आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने शासनाच्या मंजुरीवाचून घेणं हा तर गुन्हाच समजावा, मग मध्यस्थ काहीही सांगो.

कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. दाजींचं नाव सातारा जिल्ह्यातल्या वडिलोपार्जित सात-बारावर आहे, म्हणून आमचं निभावलं. ज्यांचं नाही त्यांनी बिनशेती झालेला भूखंडच घ्यावा, आणि बिनशेतीचा आदेश स्वतः वाचावा. कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. बंगल्याखालचे पाच-सहा गुंठे बिनशेती, आणि जिच्यासाठी जीव टाकला ती बाग मात्र शेतजमीन. तुकडेबंदी कायद्याखाली पुणे जिल्ह्यात 2023 मध्ये शेतजमिनीच्या तुकड्याची किमान मर्यादा बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे ठरली. त्यानंतरही या कायद्यात बदल होत आले आहेत, तेव्हा विसार देण्याच्या दिवशी नियम काय आहे ते वकिलाकडून विचारून घ्यावं.

आमच्या प्रकरणात विकणाऱ्याच्या दोन बहिणींची हक्कसोड झालेली नव्हती. मध्यस्थ म्हणत राहिला, “घरचीच माणसं आहेत, होऊन जाईल.” 2005 पासून मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. त्या सह्या करणार नसतील तर तो त्यांचा अधिकार, आणि करणार असतील तर समोर बसून करू देत. ताई या मुद्द्यावर ठाम राहिली याचा मला अभिमान आहे. रस्त्याचंही तसंच. गाडी आत जाते म्हणजे रस्ता आहे असं नव्हे. गाव नकाशात तो हवा, किंवा खरेदीखताच्या चतुःसीमेत वहिवाट लिहिलेली हवी. सरकारी मोजणीत कुंपण शेजाऱ्याच्या बांधात चार हात शिरलेलं निघालं. तो बांध आजींचा होता. त्यांनी इतकी वर्षं तोंडातून शब्द काढला नव्हता.

बिबट्याबद्दल आता लोक आधीच विचारतात. उसातच त्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली आहे, माद्या फडातच वितात, आणि तोड सुरू झाली की पिल्लं सापडतात. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे. इथली माणसं अंधार पडला की पोरांना अंगणात एकटं सोडत नाहीत, कुत्रं आत घेतात, गोठा बंदिस्त करतात. शनिवार-रविवारी येणाऱ्याने हेच शिकावं आणि रात्री उरलेलं अन्न कुंपणाबाहेर टाकू नये. त्याने कुत्री येतात, आणि कुत्र्यांमागे तो.

2018 मध्ये जुन्नर विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. जमिनीला तेव्हापासून जास्तच गिऱ्हाईक आहे. त्याचं वाईट वाटायचं कारण नाही, पण वर्षातून दहा दिवस उघडणाऱ्या घरांनी गाव भरलं तर विहिरीची पाळी कुणाबरोबर वाटायची?

वैशाखात आम्ही पुन्हा गेलो. दाजींनी दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला. ओली खूण जेमतेम दीड पुरुष. हिरवळ पिवळी पडली होती, आंबे मात्र लगडले होते. बहिणींच्या सह्या आषाढात झाल्या, कुंपण चार हात मागे आलं, आणि मगच खरेदीखत झालं. ठरल्या किमतीत थोडी घट झाली, ती विहिरीमुळे.

त्याच पावसाळ्यात ताईने हिरवळ उकरून काढली आणि आजींना बोलावलं. इथे काय लावू?

आजी ओल्या ढेकळांवरून अनवाणी फिरल्या. “हितं शेवगा. बांधाला हादगा. आन् ती कोपऱ्यातली जागा सोड, तिथनं माझं पाणी जातं.”