मोबाईल दिसतो, मग एसटीची पाटी का नाही?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या बपेऱ्याच्या थांब्यावर तुमसरकडे जाणारी एसटी येऊन उभी राहिली आहे. कॉलेजात जाणारी एक मुलगी शेजारच्या बाईंना विचारते, "काकू, कोणती गाडी आहे?" काकू पाटीकडे बोट दाखवतात, "लिवून तं आहे वरतं. वाचता नाही येत का तुले?" मुलगी गप्प बसते. गाडीत जागा मिळाल्यावर ती मोबाईल काढते, नाकाजवळ नेते आणि मेसेज वाचू लागते. मागून कुजबुज होते, "आता कसं दिसते? डोरे तं चांगले आहेत हिचे."

या मुलीने खोटं काहीच केलेलं नाही. पाटी लांब आहे, वर आहे, काचेवर ऊन चमकतं आहे. मोबाईल मात्र चार बोटांवर धरता येतो, अक्षरं हवी तेवढी मोठी करता येतात, काळ्या पडद्यावर पांढरी करता येतात. डोळे तेच आहेत. अंतर, उजेड, अक्षराचा आकार आणि रंगातला फरक बदलला, म्हणून दिसणं बदललं. अंशतः दृष्टी असलेल्या माणसाच्या वाट्याला सर्वांत जास्त येणारा आरोप म्हणजे "नाटक करते". तो याच एका अज्ञानातून येतो.

आपल्या बोलण्यात माणूस एक तर डोळस असतो, नाही तर आंधळा. कायदा तसं मानत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी हे दोन वेगळे प्रकार आहेत. दोहोंपैकी चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल, किंवा नजरेचा घेर ४० ते १० अंशांवर आला असेल, तर ती अल्पदृष्टी. उदाहरणार्थ, ६/६० याचा अर्थ असा की जे अक्षर इतरांना ६० मीटरवरून वाचता येतं, ते वाचायला या माणसाला ६ मीटरवर यावं लागतं. अंधांच्या क्रिकेटमध्येही खेळाडूंचे बी-१, बी-२, बी-३ असे तीन गट असतात. पूर्ण अंध फक्त पहिल्या गटात येतात.

"मग चांगला चष्मा का लावत नाही?" हा प्रश्न काळजीपोटी येतो, पण वरचे आकडे मोजलेच जातात ते योग्य चष्मा लावल्यानंतर. डोळ्याचा आतला पडदा किंवा नस बिघडली असेल तर काच बदलून ती दुरुस्त होत नाही.

अंधुक दिसणं म्हणजे सगळ्यांना सारखंच धूसर दिसणं, हाही गैरसमजच. पडद्याचा मध्यभाग गेलेला माणूस बांधीच्या धुऱ्यावरून बिनचूक चालत जाईल, पण समोर आलेल्या सख्ख्या मामाचा चेहरा त्याला ओळखू येणार नाही. लोक म्हणतात, शिकला आणि गर्विष्ठ झाला. असा माणूस बोलताना तुमच्या कानाकडे किंवा खांद्याकडे पाहतो, कारण शाबूत असलेल्या कडेच्या नजरेनेच त्याला तुम्ही दिसता. काचबिंदू वाढलेल्या किंवा रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आजार असलेल्या माणसाचं याच्या उलट असतं. मध्य शाबूत, कडा गेलेल्या. अशी बाई सुईत दोरा ओवेल आणि उठताच पायाजवळच्या बादलीला अडखळेल. घरचे ओरडतात, "लक्ष कुठे असते तुझं?" लक्ष जागेवरच असतं, बादली तिच्या नजरेच्या घेराबाहेर असते.

रोवणीच्या दिवसांत अंधार पडेपर्यंत बांधीत काम चालतं. तिथून परतताना ज्याला इतरांचा हात धरावा लागतो, त्याला गाजर आणि पालेभाजी खायचा सल्ला हमखास मिळतो. जीवनसत्त्व अ कमी पडल्याने आलेलं रातांधळेपण उपचाराने सुधारतं, हे खरं. पण तेच रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे आलं असेल, तर तो बहुधा आनुवंशिक आजार आहे, तो गाजराने बरा होत नाही. म्हणून रात्री दिसेनासं झालं की आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.

सर्वांत जास्त नुकसान करणारा समज वेगळाच आहे. "डोळ्यांवर ताण देऊ नको, आहे तेवढंही जाईल." या एका वाक्यापायी मुलींची पुस्तकं बंद होतात. वाचल्याने डोळे थकतात, डोकं दुखतं, पण नजर वापरून संपत नाही. वही नाकाशी धरून वाचल्यानेही अल्पदृष्टीच्या डोळ्याला इजा होत नाही. जवळ नेणं हीच अशा मुलीची वाचण्याची पद्धत आहे. परीक्षेत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिक मिळतो. ती मेहेरबानी नाही. इतरांएवढंच वाचायला त्याला तेवढा जादा वेळ लागतो.

बाजारातही असंच होतं. पाचशेची नोट कुणी डोळ्यांजवळ नेली की दुकानदाराला वाटतं, आपल्यावर संशय घेतला. तो माणूस फक्त नोट ओळखत असतो. पाचशेच्या नोटेच्या कडांवर उठावाच्या पाच तिरक्या रेघा असतात, शंभरच्या नोटेवर चार. बोट फिरवून पाहा, तुम्हालाही लागतील.

एक गोष्ट म्हाताऱ्या माणसांच्या घरांनी जरूर लक्षात ठेवावी. नजर खूप कमी झालेल्या माणसाला कधीकधी नसलेली माणसं, फुलं, नक्षी दिसते. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. बोनेट या स्विस अभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशा आकृतींची नोंद केली होती. डोळ्यांकडून कमी माहिती येऊ लागली की मेंदू स्वतःच चित्रं तयार करतो. ते वेड नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. आजीला भगताकडे नेऊ नका, डॉक्टरांकडे न्या.

आणि पांढरी काठी. ती पूर्ण अंधांनीच वापरावी, असा नियम कुठेही नाही. थोडं दिसणारा माणूस दिवसा काठीशिवाय चालेल आणि संध्याकाळी काठी उघडेल. ते पाहून "सकाळी तं बरोबर चालत होता" असं म्हणू नये. उजेड बदलतो, तशी त्याची नजर बदलते.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात तपासणी होते, त्यावर यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखकार्ड मिळतं. पण काकूंना त्या मुलीकडे कार्ड मागायचं कारण नाही. भेटलात तर आधी आपलं नाव सांगा, "ओळख पाहू मी कोण" अशी परीक्षा घेऊ नका. पायरीच्या कडेला पिवळा पट्टा ओढा, वाटेतली बादली, खाट नेहमीच्या जागी ठेवा. आणि थांब्यावर कुणी गाडी विचारली, तर पाटीकडे बोट दाखवू नका. गावाचं नाव सांगा.