गोव्याच्या किनाऱ्यावरील पर्यटकसंख्येतील बदल : आकडेवारीचा अन्वयार्थ

प्रस्तावना

आधुनिक काळात पर्यटन हा अनेक प्रदेशांच्या अर्थव्यवस्थेचा प्रमुख आधार बनला आहे. भारतातील सागरी पर्यटनाचा विचार करताना गोव्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. सुमारे १०५ कि.मी. लांबीचा किनारा आणि ३,७०२ चौ. कि.मी. क्षेत्रफळ एवढाच विस्तार असलेल्या या राज्यात २०२४ साली एक कोटीहून अधिक पर्यटकांची नोंद झाली. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती. म्हणजेच एका वर्षात स्थानिक लोकसंख्येच्या सुमारे सातपट पाहुणे या भूमीवर येऊन गेले. १९८५ साली हेच प्रमाण लोकसंख्येहूनही कमी होते.

असे असूनही त्याच २०२४ सालच्या नोव्हेंबर महिन्यात एक वेगळाच वाद उद्भवला. गोव्याकडे विदेशी पर्यटकांनी पाठ फिरवल्याची आकडेवारी समाजमाध्यमांवर प्रसृत झाली. राज्याच्या पर्यटन खात्याने ती दिशाभूल करणारी असल्याचे सांगितले आणि पर्यटकांची एकूण संख्या वाढत असल्याकडे लक्ष वेधले. एका बाजूला विक्रमी संख्या आणि दुसऱ्या बाजूला ग्राहक नसल्याची किनाऱ्यावरील व्यावसायिकांची तक्रार, असे हे चित्र होते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात काय, हा येथील मूलभूत प्रश्न आहे. पर्यटकसंख्येतील बदलांची कारणे आणि त्या संख्येचा नेमका अर्थ स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

पर्यटनविकासाचे टप्पे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात हणजूण, कळंगुट आदी किनाऱ्यांवर पाश्चात्त्य हिप्पी तरुण येऊ लागले. त्यांची संख्या अल्प, गरजा मर्यादित आणि मुक्काम मात्र महिनोन्महिने असे. स्थानिक कुटुंबे आपल्या घरातील एखादी खोली त्यांना भाड्याने देत. १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्याच्या परिसरात ताज समूहाचे हॉटेल सुरू झाले. १९८३ मध्ये राष्ट्रकुल परिषदेनिमित्त भारतात आलेल्या राष्ट्रप्रमुखांचा विश्रामकाळ गोव्यात पार पडला. या घटनांमुळे गोव्याची ओळख आंतरराष्ट्रीय स्तरावर दृढ झाली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातून थेट चार्टर विमाने येऊ लागली आणि संघटित विदेशी पर्यटनाचा काळ सुरू झाला.

कॅनडात अध्यापन केलेले भूगोलतज्ज्ञ रिचर्ड बटलर यांनी १९८० मध्ये पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचा सिद्धांत मांडला. शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, दृढीकरण आणि कुंठितावस्था या अवस्थांमधून पर्यटनस्थळ जाते व त्यानंतर त्याची घसरण होते किंवा पुनरुज्जीवन होते, असे हा सिद्धांत सांगतो. गोव्याचा आरंभीचा प्रवास या अवस्थांशी बराचसा जुळतो. परंतु बटलर यांच्या आलेखात पर्यटकांच्या एकूण संख्येची एकच वक्ररेषा आहे. गोव्याच्या बाबतीत या एका रेषेखाली परस्परांहून भिन्न अशा दोन रेषा दडलेल्या आहेत.

आकडेवारीचे स्वरूप

राज्याच्या पर्यटन खात्याच्या आकडेवारीतील निवडक वर्षांचे आकडे पुढीलप्रमाणे आहेत. (संख्या लाखांत, कंसातील टक्केवारी एकूण पर्यटकांतील विदेशी पर्यटकांचा वाटा दर्शविते.)

१९८५ : देशी ६.८, विदेशी ०.९ (१२ टक्के)
२००० : देशी ९.८, विदेशी २.९ (२३ टक्के)
२०१० : देशी २२.०, विदेशी ४.४ (१७ टक्के)
२०१५ : देशी ४७.६, विदेशी ५.४ (१० टक्के)
२०१९ : देशी ७१.३, विदेशी ९.४ (१२ टक्के)
२०२१ : देशी ३३.१, विदेशी ०.२ (१ टक्क्याहून कमी)
२०२४ : देशी ९९.४, विदेशी ४.७ (सुमारे साडेचार टक्के)

या आकड्यांवरून दोन कालखंड स्पष्टपणे वेगळे करता येतात. १९८५ ते २००० या काळात देशी पर्यटक दीडपटीच्या आतच वाढले, तर विदेशी पर्यटक तिपटीहून अधिक झाले. २००० ते २०२४ या काळात मात्र देशी पर्यटकांची संख्या दहापट झाली. विदेशी पर्यटक २०१९ पर्यंत वाढत गेले आणि त्यानंतर जवळजवळ निम्म्यावर आले. एकूण बेरीज वाढतीच राहिल्यामुळे हा बदल वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

येथे मोजणीच्या पद्धतीकडेही लक्ष दिले पाहिजे. ही आकडेवारी प्रामुख्याने हॉटेले व अन्य निवासव्यवस्थांकडून मिळणाऱ्या माहितीवर आधारलेली असते. विदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत कळविणे निवासव्यवस्थेवर बंधनकारक असल्याने ती नोंद तुलनेने नेटकी राहते. याउलट नातेवाइकांकडे उतरणारे, स्वतःच्या सदनिकेत राहणारे, नोंदणी न केलेल्या खोल्यांत मुक्काम करणारे किंवा सकाळी येऊन रात्री परतणारे देशी प्रवासी या मोजणीतून निसटतात. निवासव्यवस्थांची नोंदणी अधिक व्यापक झाली, तर प्रत्यक्ष पाहुणे न वाढताही आकडा फुगू शकतो. म्हणून दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करताना माणसे किती वाढली आणि नोंद किती वाढली, असे दोन्ही प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

बदलांची कारणमीमांसा

देशी पर्यटकांच्या वाढीचे पहिले कारण दळणवळण हे होय. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि मुंबईहून गोव्याला जाणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले. २००३ नंतर अल्पदरातील विमानसेवेमुळे बंगळुरू, दिल्ली, हैदराबाद यांसारखी शहरे गोव्याला जोडली गेली. दाबोळी विमानतळ नौदलाच्या ताब्यातील असल्याने तेथील नागरी उड्डाणांना मर्यादा होत्या. पेडणे तालुक्यातील मोपा येथील नव्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये वाहतूक सुरू झाली आणि ही अडचण बरीच कमी झाली. याच काळात नोकरदार वर्गाचे वाढलेले उत्पन्न आणि शनिवार-रविवारला जोडून सुटी घेण्याची प्रथा यांचाही हातभार लागला.

विदेशी पर्यटकांच्या बाबतीत कारणे गोव्याबाहेर अधिक आढळतात. २०१४ च्या अखेरीस रुबलची किंमत घसरली आणि रशियन पर्यटकांचा ओघ मंदावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्हिसा सुविधेने ही तूट भरून निघण्यास साहाय्य झाले. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनमधील थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बंद पडली आणि चार्टर पर्यटनाला मोठा धक्का बसला. मार्च २०२० पासून कोविड साथीमुळे पर्यटक व्हिसा स्थगित राहिले, ते ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने खुले झाले. ब्रिटिश नागरिकांसाठी इलेक्ट्रॉनिक व्हिसा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ववत झाला. दरम्यान फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले होते. श्रीलंका, व्हिएतनाम, थायलंड या देशांशी असलेली स्पर्धाही तीव्र झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांनाच व्हिसाविना प्रवेश दिला आणि देशी पर्यटकांपुढेही परदेशातील समुद्रकिनाऱ्याचा पर्याय उभा राहिला.

संख्या आणि मुक्काम यांतील भेद

पर्यटकसंख्या ही येणाऱ्यांची मोजदाद असते. राहण्याच्या काळाची नव्हे. एक पाहुणा दहा रात्री राहिला काय किंवा एक रात्र राहिला काय, नोंदीत तो एकच धरला जातो. व्यावसायिकाच्या दृष्टीने मात्र या दोहोंत दहापटीचे अंतर आहे.

केवळ उदाहरणादाखल असे गृहीत धरू की विदेशी पर्यटक सरासरी दहा रात्री आणि देशी पर्यटक सरासरी तीन रात्री राहतो. या गृहीतकानुसार २०१९ मध्ये मुक्कामाच्या एकूण रात्री सुमारे ३०८ लाख होतात व २०२४ मध्ये त्या सुमारे ३४५ लाख होतात. म्हणजे पर्यटकसंख्या २९ टक्क्यांनी वाढली, तरी मुक्काम केवळ १२ टक्क्यांनी वाढतो. या काळात खोल्यांची संख्या १२ टक्क्यांहून अधिक वाढली असेल, तर प्रत्येक हॉटेलमालकाला सरासरीने पूर्वीपेक्षा अधिक खोल्या रिकाम्या दिसतील. विक्रमी संख्या आणि रिकाम्या खोल्या यांतील विसंगती अशा रीतीने उलगडते.

याला हंगामाची जोड द्यावी लागते. चार्टर पर्यटक ऑक्टोबर ते मार्च या काळात सलग येत असत. मंगळवार असो वा रविवार, किनाऱ्यावरील शॅकमध्ये त्यांची उपस्थिती असे. शॅक हा हंगामी व्यवसाय असून पावसाळ्यापूर्वी तो मोडून ठेवावा लागतो. त्यामुळे त्याचे सारे गणित त्या सात-आठ महिन्यांतील रोजच्या ग्राहकावर अवलंबून असते. देशी पर्यटक मुख्यतः सप्ताहान्ताला, दिवाळीच्या सुटीत आणि नाताळ ते नववर्ष या काळात एकवटतात. तसेच ते पावसाळ्यातही येतात, जेव्हा शॅक बंद असतात. त्यामुळे वार्षिक बेरीज वाढूनही शॅकचालकाच्या पदरी त्यातील वाटा तुटपुंजा पडू शकतो. येथे दोष देशी पर्यटकाचा नव्हे. विशिष्ट प्रकारच्या पाहुण्यासाठी उभारलेली व्यवस्था वेगळ्या प्रकारच्या पाहुण्याला सामोरी जात आहे, हे त्यामागील खरे कारण होय.

स्थानिक समाजावरील परिणाम

गर्दीचा भार वार्षिक सरासरीने पडत नाही, तर तो विशिष्ट दिवशी आणि विशिष्ट गावावर पडतो. कळंगुट, कांदोळी, बागा या बार्देश तालुक्यातील अरुंद पट्ट्यात नववर्षाच्या आठवड्यात जो ताण येतो, त्याचे प्रतिबिंब राज्याच्या आकड्यात उमटत नाही. पाणी, रस्ते, सांडपाणी आणि कचरा यांच्या व्यवस्था या कमाल भारासाठी उभाराव्या लागतात आणि उरलेल्या काळात त्यांचा खर्च स्थानिकांनाच सोसावा लागतो. उत्तर गोव्यातील कचऱ्याच्या प्रश्नावर उपाय म्हणून २०१६ मध्ये साळगाव येथे प्रक्रिया प्रकल्प सुरू करावा लागला, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

दुसरा परिणाम जमिनीशी निगडित आहे. ज्या वाळूवर रापणकार आपली जाळी ओढत व होड्या लावत, तीच जागा पर्यटनालाही हवी असते. १९९१ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने बांधकामावर निर्बंध घातले, तरी पर्यटकसंख्या वाढत असल्याचा दाखला नव्या बांधकामाच्या समर्थनार्थ दिला जातो. अशा वेळी संख्येचा अर्थ चुकीचा लावल्यास वाळूच्या टेकड्या व शेतजमिनी कायमच्या नष्ट होण्याचा धोका संभवतो.

तिसरी बाब अर्थव्यवस्थेच्या समतोलाची आहे. लोहखनिज उद्योग २०१२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०१८ मध्ये पुन्हा ठप्प झाला. राज्याचा एक आधार डळमळल्याने पर्यटनावरील भिस्त वाढली. २०१९ मधील सुमारे ८१ लाख पर्यटकसंख्या २०२० मध्ये ३० लाखांवर आली, तेव्हा या परावलंबनाची किंमत टॅक्सीचालकांपासून मासे विकणाऱ्या स्त्रियांपर्यंत सर्वांना मोजावी लागली.

निष्कर्ष

१. गोव्यातील पर्यटकसंख्येत १९८५ पासून मोठी वाढ झाली असली, तरी २००० पूर्वीची वाढ विदेशी पर्यटकांच्या वेगाने आणि त्यानंतरची वाढ देशी पर्यटकांच्या विस्ताराने घडली आहे.

२. पर्यटकांची एकूण संख्या हा पर्यटनाच्या आरोग्याचा अपुरा निर्देशांक आहे. मुक्कामाच्या रात्री, हंगामनिहाय व गावनिहाय वाटणी आणि उपलब्ध खोल्या यांची नोंद संख्येसोबत प्रसिद्ध होणे आवश्यक आहे.

३. संख्या वाढली हा शासनाचा दावा आणि धंदा घटला ही व्यावसायिकांची तक्रार या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. दोहोंचे मापदंड भिन्न आहेत.

४. किनाऱ्याची धारणक्षमता वर्षाच्या बेरजेवर न ठरवता गर्दीच्या दिवसावर ठरविणे उचित होय.

समारोप

गोव्याचा हा अनुभव शेजारच्या कोकणालाही मार्गदर्शक ठरणारा आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ले येथील किनारे आज विकासाच्या अशा अवस्थेत आहेत की, नोंदीची योग्य पद्धत आरंभापासूनच स्वीकारणे त्यांना शक्य आहे. किती पाहुणे आले, या प्रश्नासोबत ते किती दिवस राहिले, केव्हा आले आणि गावाच्या विहिरीवर त्यांचा किती भार पडला, हेही प्रश्न विचारले गेले, तरच पर्यटनाचे नियोजन स्थानिक समाजाच्या हिताचे होऊ शकेल.