झाकणाखालची साय

१ लिटर पेट्रोल जळलं की साधारण १ लिटर पाणी तयार होतं. बरीचशी वाफ सायलेन्सरमधून जाते. थोडी पिस्टनच्या रिंगांजवळून निसटून ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ऑइल तापतं, वाफ उडते. रोज भाजीपुरतीच गाडी काढली, की पाणी आतच राहतं आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते.

लगेच निदान होतं: हेड गॅस्केट गेलं! न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. खूण खरी, पण ती दुसऱ्या कारणानंही दिसते. म्हणून डिपस्टिक आणि कूलंटची पातळी बघा. ऑइल दुधाळ, कूलंट घटतंय? गाडी चालवू नका. दोन्ही ठीक? इंजिन उघडायची घाई नको. ऑइल बदला, अधूनमधून गाडी लांब न्या.